दोन नावांच्या मधलं चिन्ह

ऑफिसातला फोन घेतला तेव्हा मी पडद्यावर एका जाहिरातीतली अक्षरं इकडून तिकडे सरकवत होते. "अण्णा गेले गं, सकाळी," अक्का म्हणाल्या. "तू ये." फोन ठेवला आणि तेच अक्षर मी आणखी दोनदा सरकवलं... पाच आठवडे झाले त्याला. जे. पी. नगरच्या त्या घरी मी चौदा महिने पाय ठेवला नव्हता. का, ते आज सांगूनच टाकते, नाहीतर मला चैन पडणार नाही.

पुण्याहून नोकरीसाठी आले तेव्हा मी अण्णा-अक्कांच्या माडीवर भाड्यानं राहायचे. अण्णा सरकारी कारखान्यात पाट्या रंगवून निवृत्त झालेले. त्यांची इंग्रजी अक्षरं जुन्या चहाच्या डब्यांवर असतात तशी. जाडजूड खांब, केसाएवढे जोड आणि खाली ऐसपैस पाय. अक्षर काढलं की कागद कंपाउंडच्या भिंतीवरल्या खिळ्याला लावायचे, रस्ता ओलांडून पलीकडे जायचे आणि नुसते बघत राहायचे. मी शेजारी चुळबुळत. "स्वल्प थांब की गं," आपल्या कानडी मराठीत म्हणायचे, म्हणजे जरा थांब. "जवळून सगळीच अक्षरं बरी दिसतात."

त्या अक्षरांचा कॉम्प्युटरसाठी फॉन्ट करायची कल्पना माझी. A ते Z झालं, आकडे झाले. राहिलं ते & हे चिन्ह. कारखान्याच्या पाट्यांना ते कधी लागलंच नव्हतं, दुकानांना मात्र हटकून लागतं. अण्णा महिनाभर कागद लावत होते, काढत होते. "दोन नावं धरून ठेवायचीत त्यानं. घाई करू नको." मी केली. इंदिरानगरच्या एका साडीच्या दुकानाची पाटी अडली होती; S चे तुकडे जोडून मी & बनवलं आणि त्यांना न विचारता देऊन टाकलं.

वर मोठ्या हौसेनं पाटी दाखवायला त्यांना मीच घेऊन गेले. वाटलं, लक्षात येणार नाही. कुणाच्या, तर अण्णांच्या! समोरच्या फुटपाथवर ते उभे राहिले. दोन बस गेल्या. "सरी," एवढंच म्हणाले, म्हणजे ठीक आहे, आणि रिक्षाला हात केला. रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. पुढच्याच महिन्यात इलेक्ट्रॉनिक सिटीजवळ खोली घेतली. ऑफिस जवळ पडतं, असं सांगितलं.

तेराव्याला अक्कांनी एक गुंडाळी हातात दिली. "दर रविवारी इंदिरानगरला जात होते, पेन्सिल घेऊन. कशाला, ते मलापण सांगत नव्हते." उलगडली. माझंच & होतं, पाटीवरून उतरवलेलं. खोडलं नव्हतं. फक्त पोटाला थोडी जाडी दिली होती आणि लोंबणारा पाय ओळीवर टेकवला होता. कोपऱ्यात लिहिलं होतं, 'बरं केलंय. पोर आली की दाखवायचं.' स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती. हा माणूस माझी वाट बघत होता आणि मी त्याच्या रागाला भिऊन तोंड चुकवत होते...

कागद खिळ्याला लावला. रस्ता ओलांडून पलीकडे गेले. अक्का फाटकातून कॉफी निवते म्हणून हाका मारत होत्या.

"स्वल्प थांबा, अक्का," मी म्हटलं, आणि बघत उभी राहिले.