अर्ध्या किमतीत बारा खून

मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता पत्नी वारली. बुधवारी दफन झाले. गुरुवारी तिच्या मोबाईलवर जाहिरात आली: बारा खून, अर्ध्या किमतीत.

इंग्रजी रहस्यकथांचे ई-बुक संच स्वस्तात शोधणे हा तिचा छंद होता. या धंद्याची रीत मोठी उदार आहे. पहिला भाग फुकट देतात आणि प्रेत सापडले की दुसऱ्या भागाचे पैसे मागतात. ती त्याला बधत नसे. सगळी मालिका मिसळीच्या बिलाएवढ्या किमतीत मिळेपर्यंत थांबायची. श्रीरामपूरच्या बाजारात वांगी घेतानाही तिने इतका संयम कधी दाखवला नाही.

पुस्तके तिच्या खात्यावर असत आणि वाचायची आधी तिने. निम्म्यावर आली की खुनी कोण, याचा अंदाज ती त्याच पानावर टिपून ठेवी. मी तिच्याच फोनवर मागून वाचत जाई आणि ते पान यायच्या आत माझा अंदाज तिला सांगे. आयुष्यभर शाळेत तर्कशुद्ध विचार शिकवला. तिने शेवटी घेतलेल्या बारा पुस्तकांच्या संचात पहिल्या सातही वेळा चुकलो. आठवे तिचे निम्मे वाचून झाले होते. त्यातला तिचा अंदाज मला पाहायचा होता.

तेवढ्यात मेहुण्याने मदत केली. "दाजी, ताईचा फोन पार साफ करून दिलाय. आता नव्यासारखा वापरा."

फोन खरोखरच साफ झाला होता. तिचे एक अक्षर त्यात उरले नव्हते. नंबर मीच बंद पडू दिला. मृतांना कोणी फोन करत नाही, इतपत तर्क मला जमला. मग काही महिन्यांनी तोच संच माझ्या नावावर पुन्हा घेतला. मजकूर शब्दशः तोच, टिपण एकही नाही. तिचे खाते उघडायचे तर तिच्या नंबरवर ओटीपी जाणार. नंबर लावून पाहिला. तो एव्हाना दुसऱ्या कोणाला मिळाला होता.

"नमस्कार. तुमच्या फोनवर आता सहा आकडे येतील. तेवढे मला सांगता का?" मी म्हणालो. इतक्या रहस्यकथा वाचूनही, हे वाक्य कोण बोलतो ते मला सुचले नाही.

"कोन, बँकेतून का?"

"नाही, मी निवृत्त शिक्षक आहे."

"मागच्या येळंला सायेब हुता. आता मास्तर झालात व्हय?"

"हा नंबर माझ्या पत्नीचा होता."

"घ्या, बायकू बी आली मधी!"

"ती वारली."

"मंग फोन कुनाला लावता?"

"मृत्यूचा दाखला दाखवतो," मी म्हणालो. दाखल्याचे नाव ऐकून तो जरा नरमला असावा. "खरं आसंल तर बाजाराच्या दिवशी काष्टीला या. शेळ्यांचा यापार हाय माजा," म्हणाला.

एसटीने गेलो. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड आणि चर्चमधल्या लग्नाचा दाखला बरोबर घेतला होता. जनावराचे दात पाहावेत तसे त्याने एकेक कागद उलटून पाहिला.

"ह्याच बाई व्हय! मास्तर, मला रोज ह्यांच्या नावानं मेसेज येत्यात. आज सा खून स्वस्तात, उद्या धा. आमची मंडळी म्हनली, शेळ्या सोडून दुसरा धंदा धरला का काय!"

तिचे खाते उघडायला मी माझ्या फोनवर तिचा नंबर टाकला. त्याच्या फोनवर आकडे आले. त्याने ते शेळ्यांच्या कलकलाटात दोनदा मोठ्याने वाचून दाखवले. वर बजावले, "आन परत कुनाला आसं फोनवर मागू नगा. पोलीस धरत्यान."

तिथेच उभा राहून मी आठवे पुस्तक उघडले. आधीच्या सात टिपणांत नुसती नावे होती. या टिपणात लिहिले होते: "अहो, तुम्ही माळ्यावर संशय घेणार. तो नाही. मुलगी."

माझा संशय माळ्यावरच होता.

तिचा अंदाज बरोबर होता की नाही, ते शेवटच्या प्रकरणात आहे. मी ते वाचलेले नाही. आठवे पुस्तक निम्म्यावर आहे. त्यापुढची चार मी उघडलेली नाहीत.