रेघांचा तक्ता

सुलोचना मूळची वडनेरची. बाप चंद्रभान दुसऱ्याच्या शेतावर सालदार आणि आई मनकर्णाबाई गावाची सुईण. मनकर्णाबाईला अक्षर ओळखू येत नव्हतं, पण वडनेरातली आणि आसपासच्या खेड्यांतली कितीतरी पोरं तिच्याच हातावर जन्मली होती. लेक मात्र शिकली. ड्रॉइंगच्या परीक्षा देऊन ती हिंगणघाटला मुलींच्या शाळेत चित्रकलेची बाई झाली. घरातल्यांनी छप्पन सालच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. तेव्हापासून लेकीच्या नोकरीचा विषय निघाला की चंद्रभान जरा ताठ बसायचा.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात विमलाबाई नावाच्या नर्सनं सुलोचनाला बोलावून घेतलं. विमलाबाई खेड्यापाड्यांतल्या सुइणींचे वर्ग घेत. त्यांना एक लहानसं पुस्तक छापायचं होतं, सगळं चित्रांतूनच सांगणारं, कारण ज्यांच्यासाठी पुस्तक होतं त्या बायांना वाचता येत नव्हतं. हात धुणं, पातं पाण्यात उकळणं, बाळाची नाळ दोन ठिकाणी बांधून मधे कापणं. सुलोचनानं सुटीचे पहिले दोन आठवडे त्यात घातले. मोठ्या कागदांवर बारीक टाकानं रेघेला रेघ लावून तिनं अशा छाया भरल्या, की चित्रातलं बाळ उचलून घ्यावंसं वाटावं.

पुस्तक छापून आलं तसं पहिली प्रत घेऊन ती वडनेरला गेली. मनकर्णाबाई पदराला हात पुसून दारातल्या उजेडात बसली आणि एकेक पान पाहू लागली. हात धुण्याचं चित्र तिनं ओळखलं. उकळतं पाणी ओळखलं. नाळेच्या पानावर मात्र थांबली. पुस्तक आडवं धरून पाहिलं, उलटं धरून पाहिलं.

"बाई, ह्यात दोरा कुठी हाये?" ती म्हणाली. "मले तं एक काळी दोरी दिसून राह्यली, बस."

सुलोचनानं वाकून पाहिलं. तिनं जपून काढलेल्या बारीक रेघा एकमेकींत मिसळून शाईचा गोळा झाला होता. नाळेवरचे दोन्ही दोरे त्या काळ्यात बुडाले होते. तिनं बोट ठेवून आईला समजावलं, की इथं एक गाठ आहे आणि इथं दुसरी.

"तू सांगतलं म्हून समजलं," मनकर्णाबाई म्हणाली. "तू का गावोगावी सांगत फिरनार हायेस?"

आईच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. परतीच्या मोटारीत सुलोचनाला एकच दिसत राहिलं: कुठल्यातरी खेड्यात एखादी सुईण हे पान समोर धरून बसली आहे आणि चित्रात एकच काळी दोरी आहे, कुठं बांधायचं नि कुठं कापायचं ते दिसतच नाही. हिंगणघाटला उतरताच ती विमलाबाईंकडे गेली आणि पुस्तकं वाटू नका म्हणाली. विमलाबाईंचा चेहरा उतरला, कारण वर्ग तोंडावर आले होते. पण पान पाहिल्यावर त्यांनी गठ्ठे परत कपाटात ठेवले. बाकीची पानं चालतील, हे एक बदलून चिकटवू, पण लवकर कर, एवढंच त्या बोलल्या.

पुस्तक छापलं होतं वासुदेवरावांनी. बाजाराजवळ त्यांचा छोटा छापखाना होता, पायानं चालणारं एक यंत्र आणि अक्षरांच्या खिळ्यांच्या पेट्या. सुलोचना तक्रार घेऊन गेली. त्यांनी मूळ चित्र आणि छापलेलं पान खिडकीपाशी शेजारी शेजारी धरलं. चित्राचा जस्ताचा ब्लॉक, म्हणजे छापायचा ठसा, नागपूरहून बनून येई. मोठं चित्र तिथं लहान केलं जातं, तशी रेघांमधली जागाही लहान होते, आणि वरून या खरबरीत कागदावर शाई पसरते, असं त्यांनी सांगितलं. मग रेघांमधे जागा किती सोडायची, तिनं विचारलं. ते नेमकं वासुदेवरावांनाही सांगता येईना. आजवर सगळं अंदाजानंच चाललं होतं.

"मग एकदा छापूनच पाहू," सुलोचना म्हणाली.

तिनं एका लांब पट्टीवर रेघा काढल्या. आधी केसासारख्या, मग हळूहळू जाड, आणि त्यांच्यामधली जागा आधी अगदी कमी, मग वाढत गेलेली. प्रत्येक गटाखाली आकडा घातला. वासुदेवरावांना आधी हे खूळ वाटलं. पण एका कापूस जिनिंगवाल्याच्या जाहिरातीचा ब्लॉक नागपूरला जायचाच होता. त्याच्या कडेला ही पट्टी बसेल आणि नंतर करवतीनं वेगळी करता येईल, ही युक्ती त्यांनीच काढली. ब्लॉक आल्यावर त्यांनी ती पट्टी दुकानात होत्या नव्हत्या त्या सगळ्या कागदांवर छापली. गुळगुळीत कागदावर जवळजवळ सगळ्या रेघा सुट्या उमटल्या. पुस्तकाच्या खरबरीत कागदावर पहिले काही गट नुसते काळे ठिपके झाले होते, आणि मग एका आकड्यापासून पुढं रेघांमधलं पांढरं पांढरंच राहिलं होतं. सुलोचनानं त्या आकड्याभोवती गोल काढला.

सुलोचनानं नाळेचं चित्र पुन्हा काढलं. या वेळी छाया नाहीच. नाळ नुसत्या बाह्यरेघेची, दोरे जाड आणि काळे, पात्याभोवती मोकळी जागा. विमलाबाईंना देण्याआधी तिनं छापलेलं पान वडनेरला नेलं.

मनकर्णाबाईनं पानावर बोट ठेवलं. "इथं एक बांधा, इथं एक बांधा, आन् मधात कापा." मग चित्रातल्या सुइणीच्या हातावर बोट नेत म्हणाली, "हिची नखं काऊन वाढवली? नखं कापलेली दाखव ना."

नखांची दुरुस्ती पुढच्या छपाईत झाली. विमलाबाईंचे वर्ग पावसाळ्याआधी झाले, आणि मनकर्णाबाईही त्यात जाऊन बसू लागली. पानं उलटून ती इतर सुइणींना चित्रं समजावून सांगायची.

रेघांचा तो कागद वासुदेवरावांनी यंत्राशेजारच्या भिंतीवर लावून टाकला. कोणी चित्र घेऊन आलं, मग तो पाट्या रंगवणारा असो की शाळेचा अंक काढणारा मास्तर, तर वासुदेवराव आधी त्याला भिंतीपाशी नेत आणि कागद कोणता हवा ते विचारत. लोक प्रत मागू लागले. तेव्हा सुलोचनानं त्यात भर घातली: चित्र किती पट मोठं काढावं, बारीक अक्षर कुठवर वाचता येतं, कागद कापण्यासाठी कडेला किती जागा सोडावी. घडीचा एक तक्ताच झाला. वर्ध्याचे एक ड्रॉइंग मास्तर तो आपल्या विद्यार्थ्यांसाठी गठ्ठ्यानं घेऊन गेले.

त्याच मास्तरांनी कोणाजवळ तरी तिचं नाव काढलं असावं. दिवाळीच्या सुमारास जनावरांच्या रोगांची चित्रं काढून द्याल का, अशी विचारणा तिला वर्ध्याच्या जनावरांच्या दवाखान्यातून आली. ती सुटीत वडनेरला आली आणि बैलाचा खूर जवळून पाहायला हवा म्हणाली. चंद्रभाननं मालकाला विचारून त्याचा बैल अंगणात आणून बांधला. दिवसभर तो बैलाचा पाय धरून बसला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, सावली पाडत उभे नका राहू, तिच्या कागदावर उजेड पडू द्या.