गाभण मेंढ्या आणि बिरप्पाचं इंजेक्शन

बिरप्पा सोलापूरच्या त्या रुग्णालयात पहिल्यांदा आला तेव्हा आधी मेंढ्यांचा वास आला, मग घोंगडं आलं आणि बऱ्याच वेळाने बिरप्पा आला. त्या वासाने स्कॅनच्या खोलीतला एसी खोकला, असं तिथली तंत्रज्ञ दाक्षायणी आजही शपथेवर सांगते. म्हाताऱ्याचा पटका सोडला असता, तर अख्ख्या वॉर्डाला चादरी झाल्या असत्या.

प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पोचला होता. दाक्षायणीने शिरेतून किरणोत्सारी औषध टोचलं, भरपूर पाणी पाजलं आणि काही तासांनी त्याला यंत्राखाली झोपवलं. पडद्यावर सांगाडा उमटला. कणा, बरगड्या, कंबर. जिथं आजार, तिथं काळा ठिपका. असली ठिपक्यांची मेंढी आपल्याकडंही आहे आणि तीच सगळ्यांत द्वाड आहे, एवढंच मत बिरप्पाने दिलं.

डॉक्टरांनी आणखी एक इंजेक्शन सुचवलं. तेही किरणोत्सारी, पण हे दुखऱ्या हाडात जाऊन बसणार आणि तिथल्या तिथं मारा करणार. आजार जाणार नव्हता, वेदना हटली असती. बिरप्पाला तेवढंच हवं होतं. कंबरेपायी सांगोल्याच्या माळावर मेंढ्यांमागं चालता येईना, आणि पडून राहणं त्याला साफ नामंजूर होतं.

दाक्षायणीने नेहमीची सूचना दिली: नंतर काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून लांब राहायचं.

“आन् गाभण मेंढ्या?” बिरप्पाने विचारलं.

तिने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी सूचनांचा कागद उलटसुलट वाचला, त्यात मेंढ्या नव्हत्या; लांबच बरं, म्हणाले. निम्मा कळप त्याच आठवड्यात विणार होता. बिरप्पा घोंगडं उचलून निघाला, पण दारातच कळ आली आणि चौकट धरून उभा राहिला. बरोबर आलेल्या म्हातारीकडे बोट करून, म्हाळसाआजी बघतील की, असं दाक्षायणीने समजावलं. त्यावर, तिला विण्यातलं काय कळतंय, असं त्याने बायकोदेखत सांगून टाकलं.

“आपली पोरं तुमी व्याला व्हय?” म्हाळसाबाई म्हणाली.

बिरप्पाने परत येऊन दंड पुढं केला. “टोच पोरी. मी पल्याडच्या बांधावर बसतो, तितनं शिट्टी मारतो. शिट्टीला तरी किरणं न्हाईत न्हवं?”

तसंच झालं. तो बांधावरून शिट्ट्या मारत आणि शिव्या देत राहिला. म्हाळसाबाई त्या न ऐकता कोकरं सोडवत राहिली. पुढं कंबर हलकी झाली आणि तो कळपामागं चालू लागला. फार चालू नका, असा डॉक्टरांचा निरोप गेला. फार म्हणजे किती, ते माळावर येऊन दाखवा, असा उलट निरोप आला.

दिवाळीपर्यंत तो चालला. डिसेंबरात न्यूमोनियाने गेला.