आधी कुत्रीचे कान

सुगी आटोपली की आमी मेंढ्या घेऊन मानवतच्या अंगाला निघतो. कापूस वेचून झालेल्या रानात मेंढ्या बसवायच्या. शेतकऱ्याला खत, मेंढ्यांना पाला. निघायच्या आधी झाडून सगळ्या मेंढ्या औषधाच्या पाण्यात बुडवून काढायच्या, म्हणजे वाटंत गोचिडाचा तरास न्हाई. पिढ्यांची रीत हाय ही. आन् राखणीची कुत्री? तिला कुणी धरायचंच न्हाई. ती काय मेंढी हाय का, म्हणायचे.

आमची कुत्री लय जिगरीची. लांडग्याला एकटी भिडली, कान फाटला, पण कोकरू जाऊ दिलं न्हाई. मागल्या खेपेला मुक्कामात ती बसली ती उठंनाच. भाकर हुंगंना. सासरे म्हणले, दमली आसंल, पडू द्या. मला काय पटंना. ओठ वर करून पाहिला, तर हिरड्या पांढऱ्याफटक. कानात गोचिडं, चिंचोक्याएवढी टच्च फुगलेली.

दिरानं मेंढ्यांचंच औषध तिच्यावर वतायला घेतलं. मी आडवी झाले. कुत्री अंग चाटती, पोटात जाईल ते. आमच्या मालकाला म्हणले, गाडी काढा. पोत्यात गुंडाळून तिला मांडीवर घेतली आन् परभणी गाठली. डॉक्टरनं रक्त तपासलं. गोचिडाचा ताप निघाला. अजून उशीर केला असता तर हाती लागली नसती म्हणले. इकडं सासरे तणतणले, कुत्र्यापायी कामाचा खोळंबा. मी बी ऐकणारी न्हाई. भाकरीच्या चुऱ्यात गोळ्या लपवून तिला चारल्या. हळूहळू शेपटी हलाया लागली.

आता निघायच्या आधी डॉक्टरनं दिलेलं कुत्र्याचं औषध तिच्या मानंवर घालते. मुक्काम पडला की चहाच्या आधी तिचे कान, बोटांच्या बेचक्या बघते. गोचीड दिसलं की चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ वढायचं. बोटानं चिरडायचं न्हाई.

यंदा पाथरीकडचा एक पाव्हणा मेंढ्या घेऊन शेजारी उतरला. त्याचं कुत्रं खाजवून बेजार. त्यानं मेंढ्यांच्या औषधाची बाटली उघडली, तसा सासऱ्यानं त्याचा हात धरला.

“ते नगं. आमच्या सुनंला इचारा. मी पडू द्या म्हणत व्हतो. हिनं ऐकलं न्हाई, म्हणून आमची कुत्री आज राखणीला हाय.”

चार माणसांत म्हणले हो! मी चिमटा घेऊन उठले, आन् खोटं कशाला सांगू, लय ताठ चालत गेले.