गुळाचा खडा आणि सोमल

दुष्काळात ऊस उभ्याउभ्या वाळला. सहकारी कारखान्याचा बॉयलर त्या साली पेटलाच नाही. मग आम्ही तलवाड्याकडच्या ऊसतोड्यांनी स्वतःची मजूर सोसायटी काढली आणि तांबं वितळवायच्या भट्टीवर सफाईचं काम धरलं. मुकादम मी. तोंडाचा फटकळ, पण माणसं जपणारा, असं माझं मलाच वाटायचं.

तांब्याच्या दगडात सोमल असतो, ते जहर. भट्टीत त्याचा धूर होतो आणि धूर निवला की नळकांड्यांत पांढरी भुकटी बसते. ती आम्ही काढायची. झाडू मारायचा नाही, मशीननं ओढून पिंपात बंद करायची. मास्क घट्ट बसावा म्हणून आमच्या दाढ्या गेल्या! दर महिन्याला लघवीची तपासणी.

तिसऱ्या महिन्यात दाजींचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा, रिपोर्ट वाईट आला. सोमल अंगात चढत होता. तपासणी करणाऱ्या भट्टीच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना लगेच धुळीतून काढलं. संध्याकाळी अक्का माझ्या दारात. "तुज्या शब्दावर धाडलंय त्यान्ला. काय झालं तर तोंड दाखवू नगस."

राग काढला तो बाईंवर. "तुमचे मास्कच फुटके हायेत! आमचा माणूस लई जपून ऱ्हातो."

बाई चिडल्या नाहीत. दाजींना म्हणाल्या, "रोज काय काय करता, ते मला इथंच करून दाखवा."

दाजींनी मास्क लावला, हातमोजे घातले, खोटंखोटं मशीन फिरवलं. सगळं कसं नीट. मग मास्क वर सरकवला, हातमोज्यासकट खिशात हात घातला आणि खडा तोंडात टाकल्यासारखं केलं.

"हे काय?"

"गूळ. धुळीवर उतारा. मुकादमानंच सांगितलंय की."

अरे देवा! मीच सांगितलं होतं, पहिल्या दिवशी. मळणीच्या धुळीवर आमच्याकडं हाच इलाज. बाकीच्यांनी या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं. दाजींनी मात्र सासुरवाडीचा शब्द म्हणून पाळला. भुकटीनं भरल्या हातानं, रोज.

बाईंची माफी मागितली. दुसऱ्या दिवसापासून आत खाणं बंद. विडीसुद्धा. हात-तोंड धुऊनच डबा, आंघोळ करूनच घर, कामाचे कपडे तिथंच धुवायचे. कुणी कुरकुर केली की मी बोंब ठोकायचो.

दोन महिन्यांनी दाजींचा रिपोर्ट उतरला. पुढच्या महिन्यात आणखी उतरला. बाई म्हणाल्या, "आता कामावर येऊ शकतात, पण घरच्यांना विचारा."

अक्काकडं गेलो. ती ज्वारी पाखडत होती.

"चूक कुणाची व्हती?" तिनं मान वर न करता विचारलं. दोष भट्टीवर ढकलायचं मनात आलं, खोटं कशाला बोलू.

"माजी, अक्का. मीच सांगितलंतं त्यान्ला."

सूप थांबलं.

"चुकलो म्हणणारा मुकादम पयल्यांदाच बघितला," ती म्हणाली. "ने त्यान्ला उद्यापासून."