आईंची चार वर्षं

फोन दुपारी आला. मी ऑफिसात डबा उघडून बसले होते. पलीकडून प्रकाश, माझा नवरा, एवढंच म्हणाला, "आई गेली गं." जेवून जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. संध्याकाळपर्यंत घाटकोपरच्या आमच्या बिल्डिंगखाली माणसं जमली. नाक्यावर लावायच्या श्रद्धांजलीच्या बॅनरसाठी शेजारच्या सावंतांनी फोटो मागून घेतला आणि सहज विचारलं, "वय काय टाकायचं?" प्रकाशने माझ्याकडे पाहिलं, मी आप्पांकडे. आप्पा, माझे सासरे, भिंतीला टेकून बसले होते. मला महामारीतली ती सकाळ आठवली.

आमच्या घरात वय हा प्रकार जरा गमतीचाच. आप्पा मालवणकडून गिरणीत आले ते चौदाव्या वर्षी. काकाने मुकादमाला बेधडक अठरा सांगितलं आणि तेच कायमचं चिकटलं. वाढदिवसाला आप्पा म्हणायचे, "ह्यो गिरणीचो वाढदिवस, माझो नाय." आईंच्या वयाबद्दल मात्र कोणी ब्र काढत नसे. दर रविवारी सकाळी त्या मोरीजवळ बसून स्टीलच्या छोट्या वाटीत काळी मेंदी कालवायच्या आणि जुन्या टूथब्रशने केसांना लावायच्या. एक पांढरा केस दिसू द्यायच्या नाहीत. मी नवी सून असताना एकदा म्हटलं होतं, "आई, आता कशाला?" तर म्हणाल्या, "तुझा सासरा म्हातारा झाला, मी नाही." बाई ठसक्याची होती. मला ती आवडायची आणि तिची भीतीही वाटायची.

साथ आली तेव्हा टीव्हीवर दिवसरात्र एकच ऐकू यायचं, साठीच्या वरच्यांना धोका. आईंनी ते अगदी मनावर घेतलं, पण आप्पांच्या बाबतीत. त्यांना खाली उतरू देईनात, पेपरसुद्धा बंद केला. स्वतः मात्र दूध आणायला, भाजी आणायला बिनधास्त जायच्या. मी आणि प्रकाश वरच्या मजल्यावर राहायचो; मी तिथून ओरडायचे, तर उत्तर ठरलेलं, "मला काय होतंय? मी त्यात बसत नाही." व्हायचं तेच झालं. दोघंही पॉझिटिव्ह आले. प्रकाश तेव्हा कामावरच मुक्कामाला होता, बिल्डिंग सील झालेली, आणि मी जिन्यात उभी राहून दारातून डबे सरकवत होते. आईंचा आवाज बारीक झालेला मला कळत होता. ऑक्सिमीटर दिला तर आप्पांच्या बोटाला लावून परत पाठवायच्या.

मग आप्पांना न्यायला गाडी आली. आमच्याकडे तेव्हा नियम असा सांगितला होता की साठीच्या वरचा पेशंट घरी ठेवायचा नाही, त्याला सेंटरला न्यायचं. त्याच्या आतला, फार त्रास नसेल तर, घरीच राहील. वर आलेली महापालिकेची बाई त्या पांढऱ्या सूटमध्ये घामाने निथळत होती. कागदावर आप्पा साठीपार, आई साठीच्या आत. आप्पा पिशवी घेऊन दाराबाहेर आले आणि थांबले. आई चौकटीला धरून उभ्या होत्या. खांदे वरखाली होत होते... आप्पांनी एकवार त्यांच्याकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली.

"बाई, हिका घेऊन जावा. मी जावचंय नाय."

"काका, काकू घरी राहू शकतात. तुमचं वय जास्त आहे."

"माझा नाय, हिचा जास्त. ही माझ्यापेक्षा मोठी आसा. साठी कधीच उलाटली हिची. लग्नात चार वर्सां कमी सांगितली हिच्या बापाशीन."

मजल्यावरची सगळी दारं फटीएवढी उघडी होती. आप्पांना ही गोष्ट लग्नाच्या मांडवातच कळली होती आणि उभ्या जन्मात त्यांनी ती चकार शब्दाने काढली नव्हती, हे मला नंतर समजलं. त्या क्षणी मला फक्त आईंचा चेहरा दिसत होता.

"वय आधारवरचंच धरतात, काका," ती बाई म्हणाली. कंटाळून म्हणाली, पण वाईट नाही. तिला खाली अजून किती दारं वाजवायची होती कोण जाणे. कुठेतरी रेघ मारल्याशिवाय नियम होत नाही, हे मलाही कळतं. आमच्या घरात ती रेघ नेमकी उलटी पडली होती, एवढंच.

आई संतापल्या. "खोटं... बोलतायत हे... मी..." पुढे श्वासच पुरेना. ती बाई वळली. जवळ गेली. "काकू, तुमचं पूर्ण नाव सांगा बघू, न थांबता." आईंनी नाव घेतलं, आप्पांचं नाव अर्ध्यावर आलं आणि त्या खाली बसल्या. बोटाला मशीन लावून बाईने आकडा पाहिला आणि लगेच फोन काढला. "खाली ऑक्सिजन तयार ठेवा. दोन पेशंट आहेत."

दोघंही वाचले. आई महिन्याभराने आल्या त्या केसांची मुळं पांढरी घेऊन. दारातच मला म्हणाल्या, "माझी वाटी काढ." आप्पांशी मात्र बोलेनात. चारचौघांत अब्रू घालवली, त्यापेक्षा मेले असते तर बरं, असं मला म्हणायच्या, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने. आप्पा ऐकून घेत. मग एका रविवारी त्यांनी स्वतःच मेंदी कालवली आणि आईंच्या मागे जाऊन बसले. मागच्या बाजूला आईंचा हात आता पोचत नव्हता. "नीट लावा, कानाक लागता," आई म्हणाल्या. अबोला असा सुटला. तेव्हापासून दर रविवारचं ते काम आप्पांचं.

सावंत अजून उभेच होते. प्रकाश हळूच म्हणाला, "आप्पा, आता खरं लिहायला काय हरकत आहे?"

आप्पांनी मान वर केली. "वय आधारवरचाच धरतत," ते म्हणाले. "बासष्ट लिव."

त्याला आता महिना होऊन गेला. नाक्यावरचा बॅनर उतरला. आवराआवर करताना मी ती वाटी आणि ब्रश कचऱ्याच्या पिशवीत टाकले होते. परवा रविवारी खाली आप्पांकडे गेले, तर वाटी घासून मोरीच्या कठड्यावर उपडी घातलेली होती, आणि शेजारी ब्रश वाळत होता.