नऊ मजले आणि एक नकार

आमच्या व्याह्यांनी उभं आयुष्य लोकांना वर पोचवण्यात घालवलं आणि आजवर एकाच्याही घरच्यांनी तक्रार केली नाही. हे वाक्य त्यांचंच आहे. ते लिफ्टमन आहेत. जुनी नऊमजली इमारत, सरकत्या जाळीच्या दाराची लिफ्ट, आत पितळेचा दांडा आणि कोपऱ्यात एक उंच स्टूल. त्या स्टुलावर हे बसतात. माझ्या सुनेचे वडील म्हणून मी त्यांना व्याही म्हणतो, इमारतीतले लोक लिफ्टकाका म्हणतात.

मुलांचं लग्न ठरलं तेव्हा ते पहिल्यांदा आमच्या घरी आले. आमच्या हिने बशी भरून पुढे केली. अशा वेळी मुलीचा बाप एखादं बिस्किट उचलतो आणि तेही बराच वेळ हातातच ठेवतो. ह्यांनी बशी संपवली, "वा" म्हणाले आणि रिकाम्या बशीकडे असं काही बघितलं की हिने मुकाट दुसरी आणली. सून तिकडे शरमेने अर्धी झाली. ही मात्र ते गेल्यावर मला म्हणाली, "माणसं मोकळी आहेत हो." सून कशी आहे हे तिने नंतर सावकाश बघितलं.

तर या माणसाला "नको" म्हणताच येत नसे. इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर एकेक ऑफिस. कुणाला बढती मिळो, कुणाला मुलगी होवो, कुणाची बदली टळो, मिठाईचा खोका उघडला की पहिला हात लिफ्टकाकांपुढे. चौथ्या मजल्यावर डबाबंद मांस विकणारी कंपनी. तिथे नमुन्याची सॉसेजं आणि खारवलेल्या मांसाच्या पट्ट्या तळून चाखायचं काम चाले आणि उरलेलं सगळं कागदात गुंडाळून खाली येई. पाचव्या मजल्यावरचे साहेब सिगरेट ओढायला खाली उतरत, त्यांना सोबत लागे. नवव्यावरचे वकील संध्याकाळी बाटली उघडत, त्यातला एक पेला लिफ्टमध्ये पोचे. आणि तिसऱ्या मजल्यावर, विम्याच्या ऑफिसात टायपिंग करणाऱ्या बाई. त्यांच्या हातचा केक आठवड्यातून एकदा, न चुकता, निळ्या पत्र्याच्या डब्यातून.

इकडे विहीणबाई पहाटे उठून भाजी, कडधान्य, काकडी असा डबा भरून देत. तोही दिवसभर लिफ्टमधून वरखाली फिरून, होता तसा भरलेला घरी येई. व्याही रोज डोंगराएवढे चढत, पण बसल्या बसल्या. पोट असं पुढे आलं की दांडा फिरवायला त्यांना स्टूल मागे सरकवावं लागे.

मग एक दिवस माझ्या सुनेला समजलं की बाबा शिंप्याकडून मधोमध भोक असलेली उशी शिवून घेताहेत.

तिने विचारलं तर म्हणाले, "काही नाही गं, मूळव्याध आहे. जरा रक्त पडतं."

"किती दिवस?"

"पडतं अधूनमधून."

सून जागच्या जागी बसली. कारण व्याह्यांचे थोरले भाऊ आतड्याच्या कॅन्सरने गेले होते, आणि तेसुद्धा वर्षभर मूळव्याध आहे असंच सांगत फिरले होते. तिने वडिलांशी वाद घातला नाही. मला फोन केला. म्हणाली, "तुम्ही म्हणालात तर बाबा ऐकतील. मी म्हटलं तर मलाच केक खायला घालतील."

दुर्बीण घालून आतडं तपासायचं ठरलं. आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे मुक्कामाला गेलो. आतडं रिकामं करायला एक औषध पाण्यात कालवून पेल्यामागून पेले प्यायचं असतं. तिसऱ्या पेल्याला व्याही माझ्याकडे बघून म्हणाले, "व्याही, आता नको."

मी म्हटलं, "जन्मात पहिल्यांदा नको म्हणालात, तेही नेमकं इथे. प्या."

पुढचा सगळा वेळ ते आत आणि मी दाराबाहेर. आतून आवाज आला, "अशी मधल्या एकाही मजल्यावर न थांबणारी लिफ्ट मी उभ्या जन्मात चालवली नाही." विहीणबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "दार नीट लावा आणि मग काय ते बोला."

डॉक्टर तरुण बाई होत्या, माझ्या सुनेच्या वयाच्या. काढलेला तुकडा तपासून आल्यावर त्यांनी आम्हाला बोलावलं.

"आतड्यात एक कोंब होता. पॉलिप म्हणतात त्याला. तो काढला. कॅन्सर नाही."

सुनेने डोळे पुसले. व्याही म्हणाले, "पण?"

"पण बराच मोठा होता. असे कोंब वर्षानुवर्षं राहिले तर त्यातल्या काहींचा पुढे कॅन्सर होतो. तुमच्या भावाचं मी ऐकलंय. तीन वर्षांनी पुन्हा बघायचं."

"केकने झालं का हो?"

"एका केकने कुणाचं काही होत नाही. घराण्यातलं आणि वयाचं आपल्या हातात नाही. पण रोजचं सॉसेज आणि खारवलेलं मांस, दारू, वाढलेलं पोट, दिवसभर एका जागी बसणं, याने धोका वाढतो. भाज्या, कडधान्यं, कोंड्यासकट धान्य, रोजचं चालणं, याने कमी होतो. साफ जात नाही, कमी होतो. सिगरेट?"

"पाचव्या मजल्यावरचे साहेब आग्रह करतात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काका, तुमच्या पोटात तुम्ही स्वतः ठरवून घातलेलं असं काही आहे का?"

येताना सुनेला पुढे पाठवून आम्ही दोघे बागेजवळच्या बाकावर बसलो. मला वाटलं, माणूस मरणाला भ्यायला असेल. तर हे म्हणतात, "व्याही, लोक माझ्याबरोबर असतात अर्धं मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात आमचं नातं काय? ते देतात, मी घेतो, 'वा' म्हणतो, तेही खूश, मीही खूश. आता घ्यायचं बंद केलं तर त्या इमारतीत मी कोण? नुसता दांडा फिरवणारा."

"खात राहिलात तर तीन वर्षांनी काय निघेल ते ऐकलंत ना?"

"ऐकलं. म्हणून तर बसलोय इथे."

ते कामावर गेले आणि त्यांच्या डोक्यातून एक भलतीच युक्ती निघाली. "नाही" म्हणायचंच नाही. "राहू दे, सावकाश खातो," म्हणून पुडी घ्यायची आणि वेगळ्याच मजल्यावरच्या माणसाला द्यायची: "हे चौथ्या मजल्याने तुमच्यासाठी पाठवलंय." सातव्यावरच्या लोकांना चौथ्यावरचे ठाऊकही नव्हते. त्यांना वाटलं, काय दिलदार शेजारी. त्यांनी उलट पेस्ट्री पाठवली. ती गेली दुसऱ्या मजल्यावर. दुसऱ्याने वकिलांकडे काही पाठवलं, वकिलांनी पाचव्याला. ज्यांनी एकमेकांचे चेहरे पाहिले नव्हते ते जिन्यात थांबून एकमेकांचे आभार मानू लागले. आठव्यावरच्या एकाने तर सहाव्यावरच्या मुलीला लग्नाचंच विचारलं, पण ते प्रकरण वेगळं, त्यात मी शिरत नाही.

व्याही घरचा डबा खायला लागले. सिगरेट सोडली, वकिलांच्या पेल्याला "औषध चालू आहे" म्हणून चुकवलं. जेवणाच्या सुट्टीत लिफ्टला कुलूप लावून जिन्याने वर जाऊन यायला लागले. आधी दुसऱ्या मजल्यावरच धाप लागे. लोक म्हणत, "काका, तुमचाच लिफ्टवर भरवसा राहिला नाही का?" सगळं कसं झकास चाललं होतं.

आणि एक दिवस तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या टेबलावर सहाव्या मजल्याकडून प्रेमाची भेट म्हणून एक निळा पत्र्याचा डबा आला. आत त्यांचाच केक. वर बदामाची पाकळी, त्यांनी स्वतःच्या हाताने लावलेली.

बाई संध्याकाळी लिफ्टमध्ये आल्या. डबा हातात. म्हणाल्या, "काका, आवडत नव्हता तर इतकी वर्षं 'वा' कशाला म्हणालात?" आणि तळमजला येईपर्यंत दाराच्या जाळीकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशीपासून त्या जिन्याने येऊ लागल्या. गुडघे दुखत असताना.

व्याही रविवारी आमच्याकडे आले ते तोंड एवढंसं करून. हिने बशी पुढे केली तर म्हणाले, "वहिनी, आज भूकच नाही." ही घाबरून आत गेली आणि मला खुणेने बोलावून म्हणाली, "दुखणं उलटलं की काय?"

मी त्यांना म्हटलं, "सरळ सांगून टाका ना त्या बाईंना."

"काय सांगू? आतड्याचं? त्या रक्ताचं? बाईमाणसाला? लिफ्टमध्ये?"

"मग ती म्हातारपणी जिने चढेल, तुम्ही असेच बसाल."

"ती म्हातारी नाही, तुमच्याहून लहान आहे."

"मग तर सांगाच."

त्यांनी कसं सांगितलं ते मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलंय आणि दर वेळी त्या लिफ्टमधली माणसं वाढतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चौथ्यावरचे दोघे, एक वकील आणि बाई एवढेच होते. बाईंना ह्यांनी जिन्याच्या पहिल्या पायरीवरून हात जोडून बोलावून आणलं होतं. दार लावलं आणि दांड्याला हात न लावता हे स्टुलावरून उठले.

"सगळ्यांनी ऐका, मग वर नेतो. मला केक आवडतो. तुमचं सॉसेज आवडतं. वकीलसाहेब, तुमचा पेला तर फारच आवडतो. पण माझ्या आतड्यात कोंब निघाला होता. माझा भाऊ त्यानेच गेला. मी रक्त पडायचं ते मूळव्याध म्हणून लपवत होतो. आता खाल्लं तर तुम्ही खूश व्हाल आणि मी जाईन. नाही म्हणायला मला लाज वाटली म्हणून मी तुमचं तुम्हालाच वाटलं. ही माझी चूक. आता नको म्हणणार आहे. राग आला तर सांगा."

मग चौथ्यावरच्यांपैकी एक म्हणाला, "काका, खरं सांगू का, आम्हीही ते घरी नेत नाही." वकील खोकले. व्याह्यांनी लिफ्ट चालू केली.

सगळे उतरले. बाई तिसऱ्यावर उतरल्याच नाहीत. नवव्यापर्यंत वर गेल्या, पुन्हा खाली आल्या, आणि लिफ्ट रिकामी झाल्यावर अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "रक्त लाल पडायचं की काळपट?"

व्याह्यांनी त्यांच्याकडे बघितलं. मग एवढंच विचारलं, "घरी कुणाला सांगितलंय?"

"नाही."

"मग आज सांगा. आणि उद्या माझ्या डॉक्टरबाईंकडे जा. मी येतो सोबत. माझी हीही येईल, तुम्हाला बरं वाटेल."

त्या गेल्या. विहीणबाईंनी तपासणीच्या आदल्या दिवशी औषधाचे पेले त्यांना स्वतः पाजले, त्यांना अनुभव होता. तपासलं तर बाईंची खरोखरच मूळव्याध निघाली, नुसती मूळव्याध. बाई इतक्या खूश झाल्या की दुखणं सापडल्याचे पेढे वाटावेत तशा मजल्यामजल्यावर सांगत सुटल्या. माझ्या माहितीप्रमाणे त्या इमारतीतल्या आणखी दोघांनी मग तोंड उघडलं आणि डॉक्टरकडे गेले. पूर्वी लिफ्टमध्ये हवापाण्याच्या गप्पा व्हायच्या, आता पोट साफ झालं का हे लोक न लाजता विचारतात.

प्रेम मात्र असं बंद होत नाही. पुढच्या आठवड्यापासून लिफ्टमध्ये फळं यायला लागली. सफरचंदं, पेरू, पपई, कुणी पाण्यात भिजवलेला कोंडा आणला. पहिल्या दिवशी व्याह्यांनी भिडेपोटी सगळं खाल्लं आणि दुपारी लिफ्ट दोन तास बंद राहिली. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की नको म्हणायचं ते सॉसेजलाच नव्हे, कशालाही म्हणता आलं पाहिजे. शिकले हळूहळू. पहिल्यापहिल्यांदा "नको" म्हणताना चेहरा असा करत की देणाराच त्यांची समजूत काढी.

तीन वर्षं झाली. पुन्हा ते औषध, पुन्हा मी दाराबाहेर. या वेळी आतून विनोद आले नाहीत. सकाळी दवाखान्यात सून वडिलांचा चष्मा हातात घेऊन सारखा पुसत होती आणि विहीणबाई भिंतीकडे बघत होत्या. मी एका अनोळखी गृहस्थाला आमच्या गावच्या शाळेतल्या बैलाची गोष्ट सांगायला घेतली, पण बैल शाळेत शिरला कसा तेच मला आठवेना.

डॉक्टर बाहेर आल्या. पोरीचा चेहरा बघूनच समजलं. "स्वच्छ आहे," म्हणाल्या. "एकही नाही. असंच राहा. पुढची तपासणी पाच वर्षांनी."

आम्ही आत गेलो तेव्हा व्याही गुंगीतून जागे होऊन उशीला टेकून बसले होते. भुकेने डोळे खोल गेलेले. एक नर्स ट्रे घेऊन आली. चहा आणि क्रीमची बिस्किटं, पुडाच्या पुडा.

"घ्या आजोबा. सगळे घेतात."

व्याह्यांनी बिस्किटांकडे बघितलं. आम्ही तिघेही त्यांच्याकडे बघत होतो.

"नको गं बाई," ते म्हणाले, अगदी सहज, जाळीचं दार सरकवावं तसं. "चहा दे. आणि तू जरा बस. सकाळपासून उभी दिसतेस. घरी कोण कोण असतं तुझ्या?"

ती बसली. थोड्याच वेळात ती तिच्या सासूची नक्कल करून दाखवत होती आणि व्याही पोट धरून हसत होते. बाहेरून कुणीतरी तिला दोनदा हाक मारली, ती "आले, आले" म्हणत तिथेच.

विहीणबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघा. हातात काही न घेतासुद्धा माणूस धरून ठेवतात की नाही?"

मी मान डोलावली. बोलता येत नव्हतं. ट्रेमधली बिस्किटं वाया जाऊ नयेत म्हणून मी त्यांतलं एक तोंडात टाकलं होतं, आणि सून माझ्याकडे रोखून बघत होती.